दोन बोटं जास्त

तिसऱ्यांदा मोजलं तरी तेच आलं. मोजणीवालीनं तिवईवरच्या यंत्राकडे रागानं पाहिलं, मग स्वतःवरच चिडली, यंत्र बंद केलं आणि बॅगेतून गुंडाळलेली साधी, लांब पोलादी पट्टी काढून मैदानाच्या आतल्या सिमेंटच्या कडेशी गुडघे टेकून बसली. यंत्र एखाद्या वेळी फसेल, पट्टी फसत नाही, असं तिचं आपलं एक मत होतं. ऑफिसात त्यावरून तिची यथेच्छ टिंगल व्हायची.

"ए मोजणे, आटप की!" पायऱ्यांवरून काकाचा आवाज आला. "अप्पा घड्याळ हातात घेऊन बसलेत. तुझ्या त्या तिवईला अडखळून कुणी आपटलं तरी ते घड्याळ थांबवायचे नाहीत, माहितीये ना?"

"पाच मिनिटं द्या!"

"आपल्या घरात पाच मिनिटं म्हणू नये. चार म्हण."

हा विनोद काका गेली तीस वर्षं करत होता आणि गेली तीस वर्षं त्यावर एकटाच हसत होता.

दर वर्षी या तारखेला अख्खं खानदान या मैदानावर जमायचं आणि प्रत्येक जण चार फेऱ्या मारायचा. चार फेऱ्या म्हणजे एक मैल. देशात पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला तो अप्पांनी, आणि याच मैदानावर. तेव्हापासून अप्पांनी पायऱ्यांवर बसून सगळ्यांची वेळ घ्यायची आणि शेवटी ती मोठ्यानं वाचून दाखवायची, असा रिवाज पडला होता. नवी सून असो की नवा जावई, सुटका नाही. काकूनं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी चपला हातात घेऊन चार फेऱ्या काढल्या होत्या, आणि शेवटच्या फेरीत सासऱ्यांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात ती त्यांना काय काय म्हणाली होती, ते घरात अजून चवीनं सांगितलं जायचं. या घरात अंडीसुद्धा चार मिनिटांच्या आत उतरवत, कच्ची राहिली तरी. काकाच्या बुटांच्या दुकानाचं नाव 'पहिला'. तिथं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बूट दाखवण्याआधी अप्पांचा शर्यत संपतानाचा फोटो पाहावा लागायचा.

यंदाची ही शेवटची खेप. सोमवारी मैदान खणायला घेणार होते. जुनी माती जाऊन रबराची नवी धावपट्टी येणार होती, तिला अप्पांचं नाव मिळणार होतं आणि फाटकाशी त्यांच्या विक्रमाचा एक दगड बसणार होता. खणण्याआधी जुन्या मैदानाची मोजणी करून अहवाल द्यायचं काम नेमकं मोजणीवालीच्या ऑफिसकडे आलं. "तुमच्या घरचंच मैदान आहे, तूच जा," म्हणून साहेबांनी तिलाच पाठवलं. अप्पांची ही थोरली नात. नाव काही वेगळंच होतं तिचं, पण नोकरी लागली त्या दिवसापासून घरात ती मोजणीवाली झाली ती झालीच.

तिनं पट्टी लावली. नियमानं कडेपासून फूटभर बाहेरून मोजायचं, कारण धावणाऱ्याचा पाय तिथे पडतो. त्या रेषेवर ठरावीक अंतरानं ठोकलेल्या जुन्या लोखंडी खुंट्या मातीत अजून शाबूत होत्या. सकाळी खरवडताना तिला त्या सापडल्या होत्या, आणि खरा घोटाळा त्यांच्यापाशीच होता. दोन खुंट्यांमध्ये बरोबर शंभर फूट हवेत. होते शंभर फूट आणि वर दोन बोटं. पुढच्या दोन खुंट्यांमध्ये पुन्हा दोन बोटं. पलीकडच्या वळणावरही तेच.

चूक असती तर कुठे जास्त भरलं असतं, कुठे कमी. ही चूक सगळीकडे सारखी होती. एवढी शिस्तीची चूक तिनं नोकरीत कधी पाहिली नव्हती. कुणी केली असेल? आणि का? आपण इथं कामावर आहोत, वर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ऊन सोसत नाही, हे सगळं विसरून ती तशीच बसून राहिली.

शेवटी काकाच खाली आला. गळ्यात शिट्टी, पायात दुकानातले सगळ्यात महागडे बूट. तिचं तोंड पाहून त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"काय गं? कमी भरलं की काय?"

ही भीती त्याला दोन आठवडे खात होती. मोजणी होणार म्हटल्यापासून त्याची झोप उडाली होती, असं काकूनं सांगितलं होतं. मैदान कमी भरलं तर विक्रम गेला, दगड गेला, आणि दुकानाच्या पाटीचं काय करायचं?

"नाही. जास्त भरलंय."

"जास्त?"

"चार फेऱ्यांचं मिळून... तुम्ही इथे आडवे झोपलात ना काका, तर जेवढी जागा लागेल तेवढं."

काकाला क्षणभर काही कळलं नाही. मग त्याचा चेहरा असा उजळला की बिचारीला पुढचं बोलायची संधीच मिळाली नाही. तो वळला, धापा टाकत निम्म्या पायऱ्या चढला आणि शिट्टी फुंकली.

"ऐका रे सगळे! अप्पा, ऐका! मैदान जास्त भरलंय! म्हणजे अप्पा मैल धावलेच नाहीत, मैलापेक्षा जास्त धावले! आणि तरीही चार मिनिटांच्या आत! दगडावरचा मजकूर बदलायला लागणार. 'मैलाहून अधिक' असं घालू. काय?"

पायऱ्यांवर एकच कल्ला झाला. धाकट्या जावयानं लगेच हात वर केला. "म्हणजे गेली सहा वर्षं मीही जास्तच धावतोय! माझ्या वेळेतून सेकंद कमी करा अप्पा!"

"आणि माझ्या?" काकू म्हणाली. "चपला हातात होत्या, ते वेगळं."

अप्पा नुसते हसले. ऐंशी ओलांडली होती, पण पाठ ताठ होती आणि घड्याळावरचा अंगठा अजून हलत नव्हता. "बुटाची नाडी बांध आधी," ते काकाला म्हणाले. "मजकूर मग बदल."

आत्या मात्र हसली नाही. ती खालच्या पायरीवर बसून बुटात पाय घालत होती, ती तशीच थांबली. ही अप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी. दातांची डॉक्टर असल्यामुळे समोरचा तोंड उघडून बसला की आपण शांत राहायचं, ही सवय तिला चांगली होती.

"दादा," ती म्हणाली, "मैदान तेव्हापासून हेच आहे ना? कड बदललेली नाही?"

"कड कशाला बदलेल? तीच कड, तीच माती!" काका छाती फुगवून म्हणाला.

"नाही, माझे बाबा धावले तेव्हाही हेच होतं, म्हणून विचारलं."

पायऱ्यांवरचा आवाज एका कडेनं कमी होत गेला. सकाळपासून खुंट्यांचा विचार करता करता ही साधी गोष्ट मोजणीवालीच्या डोक्यातच आली नव्हती.

धाकटे आजोबा अप्पांच्या आधी धावले होते, त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला. चार मिनिटं आणि वर सेकंदाचा पाचवा हिस्सा. 'थोडक्यात हुकले' असं दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं आणि 'थोडक्यात' हे नावच त्यांना चिकटलं. शाळेतली पोरं त्यांना थोडक्यात सर म्हणायची, घरात नातवंडं थोडक्यात आजोबा म्हणायची आणि ते स्वतः फोन उचलून "थोडक्यात बोलतोय" असं सांगायचे. नंतर त्यांची टाच गेली ती गेलीच, पुन्हा तसं धावणं झालं नाही. चार महिन्यांनी अप्पा धावले आणि पुढचं सगळं फोटोत होतं.

"मोजणे," आत्यानं विचारलं, "आडव्या झोपलेल्या माणसाएवढं अंतर कापायला त्या वेगात किती वेळ लागतो गं?"

"आत्या, मी अजून नीट..."

"सांग ना."

"सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त," मोजणीवाली म्हणाली.

काकाच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबकळली.

पहिला सावरला तो काकाच. "यंत्र उन्हात तापलं असेल."

"पट्टीनंही मोजलं काका."

"मग पट्टी ताणली गेली असेल. जुनी आहे."

"गेल्या महिन्यात तपासून आणलीय."

"मग तू दमली असशील! सकाळपासून खाल्लंयस तरी का काही? अगं, पन्नास वर्षांत जमीन इकडची तिकडे होते. झाडांची मुळं असतात, पाणी मुरतं..."

"मघाशी जास्त भरलं म्हणून नाचत होतास," आत्या म्हणाली, "तेव्हा नव्हती का झाडाला मुळं?"

"एकाच वेळी दोघं नका भांडू, मला ऐकू येत नाही," थोरली आजी म्हणाली. ती सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या बाटल्या सांभाळत होती. तीन भावांतले सगळ्यात थोरले शिंपी होते, ही त्यांची बायको. थोरले जाऊन बरीच वर्षं झाली होती. "जास्त जास्त काय चाललंय मघापासून?"

मोजणीवाली तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसली. "आजी, हे मैदान कुणी आखलं होतं?"

"कुणी म्हणजे? ह्यांनी. आणि मी."

"तुम्ही?"

"मग पट्टीचं दुसरं टोक कोण धरणार? धावण्याच्या क्लबाकडे पैसे नव्हते, ह्यांच्या दुकानात क्लबाचे कपडे शिवायला यायचे. कुणीतरी म्हणालं, मोजायचंच काम आहे ना, मग शिंप्यालाच सांगा. लोक थट्टेनं म्हणाले, ह्यांनी मनावर घेतलं. चार दिवस दुकान बंद ठेवलं. मी टोक धरायची, हे खुंटी ठोकायचे. आणि दर खुंटीला ही अशी दोन बोटं पुढे ठेवायची आणि मग ठोकायचं." आजीनं हवेत दोन बोटं आडवी धरून दाखवली. "मी म्हटलं, अहो, कापड आहे का हे? शिलाईत जाणार आहे का?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, असू दे. आखणार मी आणि धावणार माझेच भाऊ. लोक बोलायला टपलेलेच असतात. उद्या अर्धा इंच जरी कमी भरलं तरी दोन्ही पोरं खोटी ठरतील. जास्त भरलं तर कुणाचं काय जातं?" आजीनं पुढ्यातली बाटली सरळ केली. "मग ते अधिकारी आले मोजायला. कमी नाही ना, एवढंच पाहिलं आणि सही केली. जास्त किती आहे, ते कुणी विचारलंच नाही. ह्यांना केवढं हायसं वाटलं होतं."

मोजणीवालीला सगळ्यात आधी बरं वाटलं, हे खरं. गूढ उकललं होतं, चुकीला शिस्त का होती ते कळलं होतं. मग तिनं आत्याकडे पाहिलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"माझ्या बाबांचं गेलं, मोठी काकू," आत्या म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "कुणाचं काय जातं म्हणाले ना थोरले काका? बाबांचं गेलं."

थोरल्या आजीनं हळूच दोन्ही बोटं मुठीत मिटली.

आता प्रश्न असा होता की धाकटे आजोबा कुठल्याही क्षणी येणार होते. ते चार फेऱ्या कधी धावत नसत. "मी माझं एकदाच हुकून घेतलंय, आता तुम्ही हुका," असं म्हणायचे आणि फेऱ्या संपायच्या सुमाराला फळांची पेटी घेऊन हजर व्हायचे.

"सांगायलाच हवं," काकू म्हणाली.

काका तिच्याकडे वळला. "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी या मैदानावर पंचवीस वर्षं धावतेय. तुमच्या घराण्याची नसताना. दोन बोटं म्हणजे काय, ते माझ्या पोटऱ्यांना विचारा."

"अगं पण दगड! पालिकेत सगळं ठरलंय! आणि दुकान? पाटीवर काय लिहू, 'दुसरा'? लोक बूट घ्यायला येतील की चेष्टा करायला?"

"तुला पाटीची पडलीये," आत्या म्हणाली. ती उठून उभी राहिली होती, एका पायात बूट, एक पाय नुसता. आता ती काकावर तुटून पडणार असं सगळ्यांना वाटलं. पण ती म्हणाली, "तरी नकोच सांगायला."

काकाचं तोंड उघडंच राहिलं. दुकानाचं 'पहिला' हे नाव ठेवलं तेव्हा या दोघांत जे वाजलं होतं, त्यानंतर एका बाजूला उभं राहायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"का?" मोजणीवालीनं विचारलं.

"तू त्यांना ओळखत नाहीस. सगळ्यांना वाटतं, हसरा माणूस. मी लहान असताना ते झोपेत पाय झाडायचे. आई त्यांच्या पायावर हात ठेवून बसायची. त्यातून ते वर आले, ते कसे आले त्यांचं त्यांना माहीत. शाळेत तीस-पस्तीस वर्षं पोरांना धावायला शिकवलं. आता कुठे त्यांचं त्यांच्याशी जमलंय. आणि आपण जाऊन सांगायचं, बाबा, ते सगळं उगाचच होतं? तुम्ही हुकलाच नव्हतात?" "तू अहवालात लिही हवं ते. सरकारी अहवाल कोण वाचतंय! पण त्यांना नको सांगूस."

"बरोबर बोलतेय ती," काका घाईघाईनं म्हणाला.

"तू गप्प बस रे दादा."

मोजणीवाली दोघांच्या मध्ये उभी होती. अहवालात तर ती खरंच लिहिणार होती, त्यात काही प्रश्नच नव्हता. पण कागदावर लिहायचं आणि ज्याचं आहे त्याला सांगायचं नाही, हे तिच्या मनाला पटेना. आणि आत्याचं म्हणणं खोडूनही काढता येईना.

"मोजणे," वरून अप्पांनी हाक मारली. "मला खाली ने. ती खुंटी दाखव."

सगळे विसरलेच होते त्यांना. विक्रम त्यांचा, नाव त्यांचं, आणि गेल्या अर्ध्या तासात त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. ते तिच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरले, मैदान ओलांडून कडेपाशी आले. तिनं पट्टी लावून दाखवली. अप्पा कष्टानं वाकले आणि उरलेल्या जागेत स्वतःची दोन बोटं ठेवून पाहिली. बरोबर बसली.

"थोरल्याचीच," ते म्हणाले. "हात सारखेच होते आमचे."

"अप्पा, तुम्हाला वाईट वाटलं?"

"थांब, बघतोय." ते खरोखरच बघत होते, दात दुखतोय की नाही हे जिभेनं चाचपावं तसे. "अगं, मी त्या वर्षी धावणं सोडणार होतो. नोकरी लागली होती. तो हुकला आणि त्याची टाच गेली, म्हणून मी परत उतरलो. वाटलं, घरात एकानं तरी हे करावं. नाहीतर तो आयुष्यभर त्या पाचव्या हिश्शाकडे बघत बसेल." ते जरा हसले. "पन्नास वर्षं लोक मला विचारतात, ती चार मिनिटांची भिंत फोडताना कसं वाटलं? शाळेत विचारतात, सत्काराला बोलावून विचारतात. आणि माझ्यानंतर दोन वर्षांत आणखी पाच जण चार मिनिटांच्या आत आले, तेव्हा सगळे म्हणाले, अप्पांनी वाट मोकळी केली. भिंत नव्हतीच गं तिथे! धाकट्यानं आधीच पाडून ठेवली होती. मी मोकळ्या जागेतून पळालो."

"तरी जीव तर गेलाच असेल ना तुमचा?"

"जीव? शेवटच्या वळणावर मी मेलोच होतो! मोकळी जागा आहे हे मला कुठं माहीत होतं?" त्यांनी बोटांवरची माती झटकली. मग म्हणाले, "त्यालाही माहीत नव्हतं. तेच वाईट झालं. त्याला मी सांगणार. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही."

फाटकातून धाकटे आजोबा येताना दिसले. बारीक, काटक, जरा लंगडत, काखेत फळांची पेटी. त्यांनी मैदानावर नजर टाकली. कुणीच धावत नव्हतं, कुणीच बोलत नव्हतं, आणि आत्याच्या एकाच पायात बूट होता.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," अप्पा म्हणाले. "इकडे ये. बस."

"कुठं बसू? मातीत?"

"कडेवर बस. मीही बसतो."

दोघं कडेवर बसले. मोजणीवाली बाजूला व्हायला लागली, तर अप्पांनी तिला हातानं थांबवलं. पायऱ्यांवरचे सगळे कसे कोण जाणे, पण न बोलता खाली येऊन उभे राहिले होते.

अप्पांनी सांगितलं. प्रस्तावना नाही, आडपडदा नाही. थोरल्यानं दर खुंटीला दोन बोटं जास्त ठेवली, मैदान जास्त भरतं, तू चार मिनिटांच्या आत आला होतास, माझ्या चार महिने आधी. पहिला तू.

धाकटे आजोबा हसले. "आज काय पैज लावलीये का रे?" मग त्यांनी अप्पांचा चेहरा पाहिला आणि मोजणीवालीकडे वळले. "खरं सांगतोय का हा?"

"हो आजोबा."

"नक्की?"

"तीनदा यंत्रानं मोजलं. मग पट्टीनं."

त्यांनी मान हलवली. फळांची पेटी काखेतून काढून जमिनीवर ठेवली. मग घशातून एक विचित्र आवाज काढला आणि थोरल्या आजीकडे पाहिलं. "दोन बोटं, वहिनी?"

"हो भावजी." आजी उभी होती, खुर्चीची पाठ धरून. "पट्टीचं टोक मी धरलं होतं. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला. ते तर नाहीत आता."

"मेला म्हणून वाचला," धाकटे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुणी कधी ऐकला नव्हता एवढा संताप होता. "नाहीतर आज धरला असता त्याला! दोन बोटं! अरे, एकदा मला सांगायचंस तरी! एकदा म्हणायचंस, बाळा, मी जरा जास्त ठेवलंय!"

आत्या पुढे झाली. "बाबा, शांत व्हा. त्रास होईल."

"होऊ दे! मला त्रास व्हायला नको का?" त्यांनी तिचा हात झटकला, मग पुन्हा स्वतःच धरला. "अगं, पस्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, हुकलं तर हुकू द्या, काही बिघडत नाही, माझ्याकडे बघा. आणि ती बघायची. आता त्यांना काय सांगू? हुकलं तरी चालतं, हे जो हुकलाच नव्हता तो सांगत होता?"

आत्या रडत होती. काका बुटांकडे बघत उभा होता. आपण पाटीबद्दल बोललो, याची त्याला आता खरोखर लाज वाटत असावी.

अप्पा म्हणाले, "मला एक सांग."

"आता काय?"

"हुकल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं असतं?"

धाकट्यांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. थट्टा चाललीये का, हे ते शोधत होते. थट्टा नव्हती.

"म्हणजे?"

"म्हणजे मला त्याचा अनुभव नाही. तुला आहे. आजपासून पहिला तू, दुसरा मी. तर दुसऱ्यानं काय करायचं असतं?"

काका काहीतरी म्हणणार होता, पण काकूनं त्याचा दंड घट्ट धरला.

"काही नाही," धाकटे आजोबा म्हणाले. राग अजून होता, पण आवाज खाली आला होता. "सकाळी उठायचं. दाढी करायची. बाहेर लोक अरेरे म्हणतात, त्यांना हसून दाखवायचं. संध्याकाळपर्यंत गाल दुखायला लागतात. आणि मग जो पहिला आलाय त्याच्या घरी जायचं आणि त्याला म्हणायचं, छान धावलास."

"तू आला होतास माझ्याकडे."

"आलो होतो."

"तिसऱ्या दिवशी."

"पहिले दोन दिवस तुझ्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलो. तुझ्या घरात लोकांची ही गर्दी. आणि मला ते वाक्य जमत नव्हतं. रस्त्यात म्हणून बघायचो, तर रडू यायचं."

अप्पांना हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षांत दोघं मिळून किती चहा प्यायले, किती लग्नं लावली, आणि हे बोलणं कधी झालं नव्हतं.

"मला तीन दिवस नाही जमायचे," अप्पा म्हणाले. "माझ्याकडे तेवढे नसले तर?"

ते उठायला लागले. मोजणीवालीनं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कडेवर तळवा रोवून स्वतःच उभे राहिले आणि भावासमोर येऊन थांबले. आयुष्यभर त्यांना जो तो हेच म्हणत आला होता, मंत्री म्हणाले होते, अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून म्हणाली होती. आता स्वतः म्हणायची वेळ आली तर त्यांचे ओठ नुसते हलले, शब्द निघेना. दोनदा घसा साफ केला.

"छान धावलास रे," ते म्हणाले.

धाकटे आजोबा दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडले. कुणी त्यांना गप्प केलं नाही. रडता रडताच ते काहीतरी बोलत होते, आणि ते ऐकायला अप्पांना पुन्हा खाली वाकावं लागलं.

"मला तेव्हाच वाटलं होतं, मी आत आलोय," ते म्हणत होते. "मला तेव्हाच वाटलं होतं."